घर लहान करायचं ते हातपाय धड असतानाच

एकांनी लिहिलं होतं, हातपाय चालतात तोवर मोठं घर सोडू नये. मी म्हणतो, चालतात तोवरच सोडावं. बेळगावच्या शहापुरातलं आमचं कौलारू घर मी ६८व्या वर्षी विकलं आणि टिळकवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दरवर्षी मिरगाआधी कौलं परतायला माणूस शोधायचा, आणि तो उगवायचा पहिला पाऊस घरात गळून गेल्यावर!

सगळ्यात जास्त वेळ माळ्याने खाल्ला. आईचा तांब्याचा हंडा, बुडाला डाग दिलेला. मी मोडीत काढणार होतो, तर ही म्हणाली, "तेवढा राहू दे हो." आता बाल्कनीत त्यात तुळस आहे. बाकीची भांडी भाच्या-पुतण्यांना आपल्या हाताने वाटली. मागाहून वाटणी म्हणजे भांडणच.

कागदांचं मात्र आधी बघा. आजोबांचं खरेदीखत १९५६ पूर्वीचं, मुंबई राज्यातलं, मराठीत. पुढे बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, म्हणून नंतरचे उतारे कन्नडमध्ये. आडनावातलं एक अक्षर जुळेना, त्यात चार महिने गेले. गिऱ्हाईक ताटकळलं ते वेगळंच.

कराची धास्ती घेऊ नका. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्या मालकीचं असलेलं राहतं घर विकून, विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घेतलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सहसा कर लागत नाही. सीएला विचारून घ्या. आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा लाईट गेल्यावर लिफ्ट चालते का, ते विचारा. आम्ही विसरलो. तिसरा मजला आहे.