पिढ्यानपिढ्यांची कादंबरी वाचताना वंशावळ मांडावी का?

तापीकाठ (जळगाव): तीन-चार पिढ्यांची ऐतिहासिक कादंबरी घेतली की शेजारी वही हवीच. वाचक अडतो तो नावांपाशी. पेशवाईच घ्या. राघोबा, रघुनाथराव, दादासाहेब हा एकच माणूस. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, नाना म्हणजे फडणीस. माधवराव दोन, बाजीरावही दोन. वहीचं पान आडवं धरा, एका पिढीला एक ओळ, नावाखाली टोपणनाव आणि पहिल्यांदा आल्याचा पानक्रमांक.

गिरणाकाठ (चाळीसगाव): अजिबात पटलं नाही. आपल्याकडे लग्नघरात पाहुण्याच्या हाती कुणी वंशावळ देत नाही. आबा, नाना, जिभाऊ अशा हाका कानावर पडतात आणि नाती आपोआप उलगडतात. चांगला लेखक हेच करतो. घरात 'दादासाहेब', दुष्मनाच्या तोंडी 'राघोबा', यातच माणसाची जागा कळते. वहीत तिन्ही नावं एका ओळीत कोंबली की हा फरकच मेला. शिवाय पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेला तक्ता पाहिला तर कोण निपुत्रिक जाणार तेही आधीच कळतं.

तापीकाठ: छापलेला तक्ता झाकून ठेवा, मान्य. आपला तक्ता वाचता वाचताच भरायचा.

पांझराकाठ (धुळे): वंशावळीपेक्षा सनांचा घोळ मोठा. शके दिलं असेल तर सरसकट 78 मिळवू नका. शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारीपासून चैत्रापर्यंत 79 मिळवायचे. पानिपत शके 1682, पौष. 78 मिळवले तर 1760 येतं, खरं साल 1761. एवढ्या एका वर्षाने मोहिमांचा क्रम उलटापालटा होतो. स्थळांचंही तेच. 1857 च्या प्रसंगात पात्र 'पूर्व खान्देश जिल्हा' म्हणालं तर लेखक घसरला. तेव्हा खान्देश एकच जिल्हा होता, ठाणं धुळे. पूर्व-पश्चिम वाटणी 1906 ची. अशा चुका समासात पेन्सिलीने टिपाव्यात, वाचन थांबवू नये.

गिरणाकाठ: हे सगळं दुसऱ्या वाचनाला ठेवा भाऊ. पानिपताची बातमी सावकारी पत्रातून आली, 'दोन मोती गळाली' अशा भाषेत. ते दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. त्या पानावर वाचक 78 की 79 करत बसला तर पत्र वाचणाऱ्या नानासाहेबांजवळ तो पोचणार कसा?

तापीकाठ: ते दोन मोती कोण, हे पात्रं पक्की ठाऊक असतील तरच काळजाला लागतं. नवख्या वाचकाला तिथेच मागची पानं चाळावी लागतात. वही हवीच.