फ्रोजन मटार, मका सुटे मापून मिळायला हवेत की पाकीटच बरं?

सायीची_वाटी (पुणे)

सरळ मुद्द्यावर येते. डाळ, रवा, पोहे, साखर आपण अजूनही सुटं घेतो, मग फ्रोजन मटार, मका, मिक्स व्हेज सुटं का नाही? डेअरीवाल्यांच्या डीप फ्रीझरमधे मटार असतात, पण ते आधीच पिशवीत अर्धा-अर्धा किलो बांधून ठेवलेले, ना नाव ना तारीख. मी म्हणतेय ते वेगळं आहे. दुकानात मोठं खोकं असावं, आपण म्हणावं दीडशे ग्रॅम द्या, आणि त्यांनी आपल्याच स्टीलच्या डब्यात मापून घालावं.

माझं म्हणणं असं की भाजी वाया जाते ती पाकिटाच्या मापामुळे. आता कितीतरी घरात दोनच माणसं असतात, नाहीतर फ्लॅटवर एकटी राहणारी नोकरीवाली मुलं-मुली. पुलावाला मूठभर मटार लागतात आणि घ्यावं लागतं अर्धा किलो. उरलेल्याला रबरबँड लावून फ्रीझरमधे कोंबायचं, मग दाराची उघडझाप, मधेच लाईट जाणं, आणि महिन्याभराने बघावं तर आत बर्फाचे काटे आणि पांढुरके सुरकुतलेले दाणे. शिजवले तरी चामट लागतात, मग जातात ओल्या कचऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल भारतात घरोघरी माणशी वर्षाला अंदाजे 55 किलो अन्न वाया जातं असं सांगतो. त्यात आपल्या फ्रीझरचाही वाटा आहेच ना.

आणि ते पाकीट! दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर भंगारवाला घेतो. हे छापील, ओलं, आत दाणे चिकटलेलं पाकीट कोण घेणार? 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई सुका कचरा नेतात त्यांना एकदा विचारा असल्या पाकिटांचं काय होतं ते. 2018 ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, कॅरीबॅगवर सगळं लक्ष गेलं, कंपन्यांच्या छापील पाकिटांना मात्र फारसा धक्का लागला नाही.

---

दाणेदार (नवी मुंबई)

ताई, तळमळ पोचली पण मत पटलं नाही. मी कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रोजन मटार सुटसुटीत दाणेदार राहतो कारण तो आयक्यूएफ असतो, म्हणजे एकेक दाणा वेगवेगळा झटपट गोठवलेला. आधी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, त्याने दाण्यातले एन्झाइम (दाण्यात बदल घडवणारी द्रव्यं) निकामी होतात, नाहीतर फ्रीझरमधेही रंग आणि चव हळूहळू बिघडत राहते. मग लगेच गार करून अतिथंड हवेच्या झोतात. झटपट गोठवल्यामुळे आत बर्फाचे कण बारीक होतात, दाणा फाटत नाही. इथून पुढे सगळा खेळ तापमान उणे 18 अंश राखायचा. तापमान वर गेलं, परत खाली आलं, की दाण्यातलं पाणी बाहेर येऊन बर्फ म्हणून बसतं आणि दाणा कोरडा पडतो. तुम्ही वर वर्णन केलंय ते तेच.

आता दुकानात उघडं खोकं ठेवा, दर दहा मिनिटाला झाकण उघडा, आणि हवा कुठली तर मुंबई-ठाण्याची, पावसाळ्यातली. प्रत्येक वेळी दमट हवा आत, वरच्या थरावर हिमाचा लेप. संध्याकाळपर्यंत ढेकळं. म्हणजे तुमच्या घरात जे अर्ध्या पाकिटाचं होतंय ते दुकानात वीस किलोचं होणार. पाकीट म्हणजे नुसता कचरा नाही, ते दाण्याचं पांघरूण आहे. काही ग्रॅम प्लास्टिक वाचवायला किलोभर भाजी घालवायची, आणि ती भाजी पिकवायला, गोठवायला लागलेलं पाणी, खत, वीज हेही वाया, हा हिशोब मला जमत नाही.

आणि ते 55 किलो म्हणताय त्यात सालं, कोयी, हाडं असलं न खाण्याजोगंही धरलेलं असतं. आकडा खोटा नाही पण सगळं खाण्यालायक अन्न असा अर्थ काढू नका.

---

थेम्सकाठी (रेडिंग, इंग्लंड)

इथलं सांगते. वेटरोज या सुपरमार्केटने 2019 च्या जूनमधे ऑक्सफर्डच्या बॉटली रोडवरच्या दुकानात 'अनपॅक्ड' नावाने प्रयोग केला होता, त्यात फ्रोजन फळं सुटी ठेवली होती. आपला डबा न्यायचा आणि हवी तेवढी फळं वजनावर घ्यायची. पुढे आणखी काही दुकानात तो प्रयोग नेला. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या अशक्य वगैरे नाहीये.

दुसरं, कचरा कमी करण्यावर काम करणाऱ्या इथल्या रॅप संस्थेने 2022 ला अभ्यास जाहीर केला. सफरचंद, केळी, बटाटे, काकडी, ब्रोकोली या पाच गोष्टी सुट्या विकल्या तर वर्षाला अंदाजे एक लाख टन अन्न आणि दहा हजार टनांच्या वर प्लास्टिक वाचू शकेल असा त्यांचा हिशोब होता. कारण वाटीताई म्हणतायत तेच, माणूस लागेल तेवढंच घेतो. अर्थात तो अभ्यास ताज्या मालाचा, फ्रोजनचा नाही, तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही हे मला मान्य आहे. पण मापाचा मुद्दा दोन्हीकडे एकच आहे असं मला ठाम वाटतं.

---

माजघर (सांगली)

मुळात हवंय कशाला फ्रोजन? थंडीत मटार स्वस्त होतो तेव्हा पाच-सात किलो शेंगा आणायच्या, सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून सोलायच्या. पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की चिमूटभर साखर टाकून दाणे दोन मिनिटं आत, वर तरंगायला लागले की चाळणीत उपसून लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंख्याखाली सुती पंचावर पसरायचे. अगदी कोरडे झाले की ताटात एकेरी थर देऊन फ्रीझरमधे ताट ठेवायचं, आणि कडक झाल्यावर डब्यात भरायचे. हे ताटाचं बरेच जण टाळतात आणि मग गोळा होतो. दाणेदार दादा म्हणतात तो एकेक दाणा सुटा, तो घरी असाच होतो. आमच्याकडे उन्हाळाभर पुरतात. पाकीट नाही, खोकं नाही, उणे अठराची चिंता नाही. सालांचा आतला पापुद्रा काढून टाकून त्या सालांची भाजी पण करतो आम्ही.

---

सायीची_वाटी (पुणे)

माजघर काकू, पद्धत एकदम छान लिहिलीत, पण सकाळी आठला घर सोडून रात्री आठला येणाऱ्या माणसाने पाच किलो शेंगा कधी सोलायच्या? शिवाय किलोभर शेंगातून दाणे निघतात अर्ध्यापेक्षा कमी, बाकी सगळी सालं. शहरात सालांची भाजी करणारी घरं किती? ती जातात ओल्या कचऱ्यात, आणि तो कचरा जिरवण्यावरून, पुण्याचा कचरा जिथे टाकला गेला त्या उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसलंय ते पुण्यातल्या प्रत्येकाला माहितेय. कारखान्यात सोललं तर सालं एका जागी जमतात, जनावरांच्या चाऱ्याला जाऊ शकतात. त्यामुळे फ्रोजन म्हणजे आळशीपणा हे मला अजिबात मान्य नाही.

दाणेदार दादा, एक विचारते. कारखान्यातून माल निघतो तो कशात? आमच्या ओळखीच्या मेसवाल्या ताई मोठं खोकं मागवतात, आत एकच पिशवी असते आणि त्यांचं काम व्यवस्थित चालतं. म्हणजे घाऊक माल आजही सुटाच फिरतोय, मग आपल्यापर्यंत येतानाच तो अर्ध्या किलोत का कापायचा?

---

दाणेदार (नवी मुंबई)

हो, हे खरं आहे. हॉटेल-केटरिंगला मोठी खोकी जातात, आत एक पॉलिथिनची पिशवी. पण मेसवाली ते खोकं दोन-तीन दिवसात संपवते. कोपऱ्यावरच्या दुकानात दीडशे-दीडशे ग्रॅमने ते संपायला किती दिवस लागतील? जिथे खप आहे तिथे चालेल, नाही तिथे नाही.

आणि सेफ्टीचं कुणीच बोललं नाही. 2018 ला युरोपात गोठवलेल्या मक्यातून आणि भाज्यातून पसरलेली लिस्टेरिया या जंतूची साथ उघडकीस आली, 2015 पासून पाच देशात 47 जण आजारी, त्यातले 9 दगावले. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. तेव्हा बॅचचा माग काढून माल परत मागवला गेला. तुमच्या स्टीलच्या डब्यातल्या मक्याची बॅच कोण सांगणार? लोक मका नुसता पाण्यातून काढून सॅलडमधे टाकतात, तसं करू नका, पाकिटातला असो की सुटा, नीट शिजवूनच खा.

---

नाक्यावरचं_दुकान (कोल्हापूर)

दुकानदाराचं पण ऐका. माझ्याकडे एकच डीप फ्रीझर आहे, त्यात आईस्क्रीम, पराठे, मटार आणि खालच्या कप्प्यात चिकनचे आयटम. सगळं पाकीटबंद आहे म्हणून चालतं. मटार उघडा ठेवला तर माझं अर्धं शाकाहारी गिऱ्हाईक उद्यापासून बंद, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. म्हणजे सुट्यासाठी वेगळा फ्रीझर, वेगळं लाईटबिल. लाईट गेली तर पाकीट बंद असेल तोवर थोडा वेळ दम धरतो, उघड्या मालाला तेवढाही नाही. वजनात घट येते ती माझ्या बोकांडी.

आणि भेसळ. वाळके वाटाणे भिजवून हिरवा रंग मारून ताजे मटार म्हणून विकतात हे तुम्हाला माहीत असेलच, एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, त्याची घरगुती चाचणी पण सांगितली आहे, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन थोडे दाणे टाका, अर्धा तास ठेवा, पाणी हिरवं झालं की समजा रंग आहे. सुटा माल म्हटलं की असल्या लोकांचं फावतं. प्रामाणिक दुकानदार त्यात भरडला जातो, कारण त्याचा दर त्यांच्यापेक्षा जास्त दिसतो.

---

पुरंदरचा (सासवड)

आमच्याकडे पावसाळी वाटाणा निघतो, ऑगस्ट-सप्टेंबरला. आवक एकदम वाढली की भाव असा पडतो की तोडणीची मजुरी निघत नाही, शेंगा झाडावरच वाळवायची पाळी येते. तुमच्या फ्रीझरमधे जेवढं वाया जातं त्याआधी इथे किती जातं ते पण धाग्यात असू द्या. नाबार्डच्या सल्लागार कंपनीचा 2022 चा अभ्यास भाज्यांचं काढणीपासून पुढचं नुकसान पिकानुसार साधारण 5 ते 12 टक्के सांगतो, आणि भाव नाही म्हणून शेतातच सोडलेलं मी त्याच्या वर धरतो.

त्यामुळे सुटं का पाकीट हा वाद मला दुय्यम वाटतो. फ्रोजनचा खप वाढला, जवळपास गोठवायची सोय झाली, तर आमचा माल त्या पंधरा दिवसात मातीमोल होणार नाही. आज पाकिटातला मटार बघा, बहुतेक उत्तरेकडचा, जबलपूर, यूपी, पंजाब. सुट्याची अट घालून दुकानदार बिचकले आणि फ्रोजन ठेवणंच कमी केलं तर नुकसान शेतकऱ्याचं.

---

थेम्सकाठी (रेडिंग, इंग्लंड)

पुरंदरच्या दादांचा मुद्दा मनाला लागला. पण सुट्याने खप कमीच होईल असं का धरायचं? पंधरा-वीस रुपयाचे मटार मागता आले तर आज पाकिटाची किंमत बघून मागे फिरणारं गिऱ्हाईक पण घेईल.

---

सायीची_वाटी (पुणे)

हेच म्हणणार होते. लहान पाकिटं आहेत की, असं कुणीतरी म्हणेलच, पण लहान पाकीट किलोच्या भावाने महाग पडतं आणि तेवढ्याच भाजीला प्लास्टिक जास्त लागतं. ज्याला थोडंच परवडतं त्यानेच जास्त दर द्यायचा, हे मला फार खटकतं.

दुकानदार दादा, तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून मी प्रत्येक दुकानात म्हणत नाहीये. जिथे फ्रीझरमधे फक्त शाकाहारी माल आहे आणि मटार-मका रोज उचलला जातो अशा मोठ्या डेअऱ्या आणि भाजीची मोठी दुकानं, तिथून सुरू करा. गिऱ्हाइकाने हात घालायचा नाही, दुकानातल्या माणसानेच दांड्याच्या मापाने द्यायचं. खोक्यावरचं लेबल, बॅच, तारीख आणि खोकं फोडल्याचा दिवस फ्रीझरच्या काचेवर लावायचा, म्हणजे दाणेदार दादांच्या बॅचच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं, बिलावर छापलं तर आणखी उत्तम. डबा आधी रिकामा वजन करायचा. आणि डबा आपण आदल्या रात्री फ्रीझरमधे ठेवून, कापडी पिशवीत गुंडाळून न्यायचा, घरी येईपर्यंत दाणे सुटेच राहतात.

---

दाणेदार (नवी मुंबई)

रोज खोकं संपत असेल, मापून देणारा माणूस असेल आणि आत थर्मामीटर दिसत असेल, तर माझा विरोध सौम्य होतो, जात नाही. या तिन्ही गोष्टी किती ठिकाणी टिकतील याची मला खरंच काळजी वाटते. घेणाऱ्याने एक करावं, पाकीट असो की सुटं, हलवून बघावं. दाणे खुळखुळले तर घ्या, गठ्ठा लागला तर माल मधे कुठेतरी सुटून परत गोठलाय, तिथेच ठेवा.

---

माजघर (सांगली)

मी आपली थंडीत सोलणारच. पण आमच्या बिल्डिंगमधल्या एकट्या राहणाऱ्या आजी अर्धा किलो नको म्हणून मटार घेतच नाहीत, त्यांच्यासाठी तरी वाटीताईंची सोय हवी असं आता वाटतंय.

---

नाक्यावरचं_दुकान (कोल्हापूर)

आजींना शंभर ग्रॅम द्यायला माझी ना नाही हो. पण दुसरा फ्रीझर आणि त्याचं बिल कुणी भरायचं ते सांगा, कंपनी का गिऱ्हाईक? कंपनी आईस्क्रीमला फ्रीझर देते तसा मटाराला देणार असेल तर मी उद्या जागा करतो.