मदत हवी आहे: बेंगल्सनी पहिल्या राउंडला कुठल्या पोझिशनचा प्लेअर घ्यावा? (मुलाशी पैज लागलीय)

ओहायोचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, फुटबॉल म्हणजे मेस्सीवालं नाही, अमेरिकन, अंड्यासारख्या बॉलचं. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

आम्ही सिनसिनाटीजवळ मेसनला राहतो, मुलगा १२ वर्षांचा, आणि त्याच्या नादाने मीपण गेली पाचेक वर्षं सिनसिनाटीच्या टीमच्या, बेंगल्सच्या मागे केस पांढरे करतोय. येत्या गुरुवारी, २४ एप्रिल २०२५ ला ग्रीन बेला ड्राफ्ट आहे, म्हणजे टीम कॉलेजातले नवे प्लेअर निवडतात तो कार्यक्रम, आमचा नंबर १७ वा. मुलगा म्हणतो गार्ड (आपल्या बॉल टाकणाऱ्याला वाचवणारा) घेणार, मी म्हणतो डिफेन्सिव्ह टॅकल (समोरच्याच्या बॉल टाकणाऱ्यावर मधून चढाई करणारा). यावरून जेवताना इतकी वादावादी झाली की बायकोने कागद आणून दिला, लिहा म्हणाली आणि गप्प बसा. तर आता फ्रीजवर लिहून लावलंय: माझी पोझिशन आली तर त्याने वर्षभर रविवारच्या मराठी शाळेला कुरकुर न करता जायचं, त्याची आली तर मी त्याला नवीन जर्सी घ्यायची. बुधवार रात्रीपर्यंत एकदा उत्तर बदलायची मुभा आहे. म्हणून विचारतोय, बदलू का?

माझं म्हणणं साधं आहे. गेल्या सीझनला आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल टाकणाऱ्या बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन टाकले, तो बॉल पकडणाऱ्या चेसने १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन, तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि एवढं करून आम्ही ९ जिंकलो, ८ हरलो, प्लेऑफ नाही. ३३ किंवा जास्त पॉइंट करून चार मॅच हरलो हो! १ डिसेंबरला स्टीलर्सच्या मॅचला आम्ही दोघं स्टेडियममध्ये होतो, कडाक्याची थंडी, हातात दोन-दोन मोजे, शेजारी स्टीलर्सवाले पिवळे टॉवेल फिरवतायत आणि त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन आरामात उभा राहून ४१४ यार्ड टाकतोय, कुणी जवळपण जाईना. ४४-३८ हरलो. घरी येताना पोरगं गाडीत एक शब्द बोललं नाही. मधून दाबणारा माणूस पाहिजे. ओल मिस कॉलेजचा वॉल्टर नोलन १७ पर्यंत राहिला तर डोळे मिटून घ्यावा असं मला वाटतं.

मुलगा म्हणतो, बाबा, बरोच पडला तर बाकी सगळं झीरो. २०२० ला गुडघा गेला, २०२३ ला मनगट. त्यात मार्चमध्ये टीमने गार्ड कॅपाला सोडलंय म्हणजे राइट गार्डची जागा मोकळी. त्याला नॉर्थ डकोटा स्टेटचा ग्रे झेबल हवाय.

---

दही_मिसळ

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण ३८ पॉइंट करून हरतात म्हणजे ही आपली आरसीबीच की 😄 हे ऑक्शनसारखं असतं का, पैसे लावून?

ओहायोचा_पाहुणा

आरसीबी, अगदी! नाही, बोली नसते. कॉलेजातून येणाऱ्या पोरांना ३२ टीम पाळीपाळीने उचलतात, सात राउंड, जी टीम शेवटी राहिली तिची पाळी पहिली. पगारही साधारण नंबराप्रमाणे ठरलेला असतो, चार वर्षांचा, आणि पहिल्या राउंडवाल्याला टीम पाचव्या वर्षासाठी ठेवू शकते. म्हणून पहिल्या राउंडचा एवढा जीव काढतात, चांगला निघाला तर पाच वर्षं स्वस्तात.

---

कोलंबसवाले_काका

अहो पाहुणे, तुम्ही दोघंही चुकताय. एज रशर (कडेने धावून क्वार्टरबॅकला पाडणारा) घेणार, लिहून ठेवा.

आपल्या एज रशर हेंड्रिक्सनने सलग दोन सीझन १७.५ सॅक (बॉल टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) काढल्या आणि आता पैशावरून त्याचं टीमशी बिनसलंय, ट्रेड, म्हणजे दुसरी टीम, शोधायची परवानगीही दिलीय. दुसरा एज हबर्ड रिटायर झाला. मायल्स मर्फी २०२३ ला पहिल्या राउंडचा, गेल्या सीझनला एकही सॅक नाही. उद्या हेंड्रिक्सन गेला तर क्वार्टरबॅकला हात लावणारं कोण आहे सांगा. आणि तुमच्या डिफेन्सिव्ह टॅकलचं म्हणाल तर मागच्याच ड्राफ्टला दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला तेच दोन घेतलेत, बीजे हिलला परत सही केलंय, ग्रीन बेचा स्लेटन आणलाय, आता किती जाडजूड माणसं मध्ये उभी करणार? चेस आणि हिगिन्स या बॉल पकडणाऱ्या दोघांना एवढे डॉलर दिल्यावर महागड्या पोझिशनचा माणूस बाजारातून आणणं परवडणार नाही, तो ड्राफ्टमधूनच काढावा लागतो, आणि एज म्हणजे महागडी पोझिशन. गार्ड काय, तिसऱ्या राउंडलाही मिळतो.

ओहायोचा_पाहुणा

काका, मुद्दा पटतोय म्हणूनच त्रास होतोय. पण एज कोण? टेक्सस ए अँड एमच्या स्टुअर्टला बघा, सव्वासहा फुटाच्या वर उंच, २६७ पौंड, ४० यार्ड ४.५९ सेकंदात, दिसायला देवाने मूर्ती घडवावी तसा, आणि कॉलेजच्या तीन सीझनमध्ये मिळून सॅक किती तर साडेचार. साडेचार! अभ्यासात हुशार पण पेपर लिहीत नाही अशातली गत.

मुलाने तुमचा रिप्लाय वाचला. "तिसऱ्या राउंडला गार्ड मिळतो" यावर त्याचं एकच उत्तर, जॅक्सन कारमन. २०२१ ला दुसऱ्या राउंडला घेतला, काय दिवे लावले ते आपण पाहिलंच.

---

रिकामटेकडा_नंबर_१

२०२१ वरून आठवलं. तेव्हा आपली पाचवी पाळी होती आणि हाच वाद, लाइनचा सूअल का चेस. बरोचा गुडघा नुकताच गेलेला, अर्धं गाव म्हणत होतं लाइनचा माणूस घ्या. चेस घेतला, सूअल सातव्याला डेट्रॉइटला जाऊन ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक) झाला. त्याच सीझनला टायटन्सनी बरोला प्लेऑफमध्ये नऊ वेळा पाडलं तरी आपण जिंकलो, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, सात वेळा पाडलं आणि २३-२० हरलो. मग कोण बरोबर?

माझं मत, पोझिशन ठरवून जाऊच नये, जो सगळ्यात चांगला उरलाय तो घ्यावा. जॉर्जियाचा सेफ्टी (मागे राहून बचाव करणारा) स्टार्क्स राहिला तर मी तो घेईन. तुमच्या पैजेला याचा उपयोग नाही, माहितीय.

ओहायोचा_पाहुणा

त्या सुपर बोलचा शेवटचा प्ले आठवतोय? फोर्थ डाउन (चौथा, शेवटचा प्रयत्न), चेस मोकळा पळतोय, आणि मधून समोरच्या टीमच्या ॲरन डोनाल्डने येऊन बरोला गरकन फिरवला, बॉल कुठेतरीच पडला. मुलगा नऊ वर्षांचा होता, सोफ्याच्या मागे जाऊन रडला. गंमत म्हणजे आम्ही दोघं पैजेत हाच प्ले पुरावा म्हणून दाखवतो. तो म्हणतो, बघा, गार्डला थांबवता आलं नाही. मी म्हणतो, बघ, डोनाल्ड डिफेन्सिव्ह टॅकलच होता.

---

कांदेपोहे_लिंबू_मारके

दादा, खेळातलं मला काही कळत नाही पण मी इथे न्यू जर्सीत मराठी शाळेत शिकवते. शाळा पैजेवर लावू नका हो. हरलात तर तो वर्षभर "मी जिंकलोय" म्हणून येणारच नाही, आणि जिंकलात तर शिक्षा भोगायला आल्यासारखा बसेल, अशी दोन मुलं माझ्या वर्गात ऑलरेडी आहेत.

ओहायोचा_पाहुणा

ताई, हे बायकोने वाचलं. आता फ्रीजवरचा कागद बदललाय: मी जिंकलो तर महिनाभर भांडी त्याच्याकडे. शाळा पैजेबाहेर.

---

ओहायोचा_पाहुणा (बुधवार रात्र)

नाही बदलत. काकांचं बरोबर असेल पण पोरासमोर आता माघार घ्यायला जीवावर येतंय. डिफेन्सिव्ह टॅकल, फायनल.

---

ओहायोचा_पाहुणा (गुरुवार रात्र)

ऐका. पंधरा नंबर होईपर्यंत नोलन शिल्लक, झेबलपण शिल्लक. आम्ही दोघं सोफ्याच्या टोकाला. सोळाव्याला ॲरिझोनाने नोलन उचलला. पोरगं उड्या मारायला लागलं. सतराव्याला बेंगल्सनी घेतला... शेमार स्टुअर्ट. साडेचार सॅकवाला. आणि अठराव्याला लगेच सिॲटलने झेबल नेला. दोन मिनिटं घरात कुणी बोललं नाही, मग बायको म्हणाली, भांडी दोघांनी मिळून घासा.

कोलंबसवाले_काका

🙏🙏 जर्सी मला पाठवा, एक्स्ट्रा लार्ज.

ओहायोचा_पाहुणा (शनिवार)

काका, पत्ता नका पाठवू, काल रात्री नवीन भानगड झाली. तिसऱ्या राउंडला, ८१ व्या पिकला जॉर्जियाचा फेअरचाइल्ड घेतला आणि तो गार्ड आहे. मुलगा म्हणतो निम्मा मी जिंकलो, निम्मी जर्सी द्या. कागदावर "पहिला राउंड" असं लिहिलंय का ते बघायला गेलो तर बायकोने नवीन कागद लावताना ते लिहिलंच नाहीये.