दीडशे माणसांच्या गावपंगतीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शिवारात आता कपाशी, तूर आणि सोयाबीनच उरले असून, रानडुकरांच्या त्रासामुळे आणि बैल कमी होऊन कडब्याची गरज घटल्यामुळे ज्वारी जवळजवळ कोणी पेरत नाही. शेजारच्या आजींनी जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या तळहातावर घेऊन एका मुलाने “हे पाखरांचे खाणे आहे का?” असे विचारले, तेव्हा मला फार वाईट वाटले. म्हणून आखाडात, तरोटा (टाकळा ही पावसाळी रानभाजी) कोवळा असतानाच, ज्वारीची भाकर, ताकातल्या कण्या आणि तरोट्याची भाजी अशी पंगत घालून आपल्या ताटातले धान्य कुठे गेले, यावर गावाला बोलते करायचे आहे. दीडशे माणसांना तीस किलो पीठ पुरेल का? आणि चर्चा जेवणाआधी ठेवावी की पंगतीतच? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.