मॅक्लुस्कीगंजला कोल्हापुरातनं कोणी जाऊन आलंय का? आईला घेऊन जायचंय

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईला घेऊन झारखंडला जायचं चाललंय, रांचीपासनं साठ-पासष्ट किलोमीटरवर मॅक्लुस्कीगंज म्हणून अँग्लो इंडियन (इंग्रज आणि हिंदी अशा मिश्र वंशाच्या) लोकांनी वसवलेलं गाव आहे तिथं. एवढ्या लांब कशाला, असं घरात सगळेच विचारतायत म्हणून कारण सांगतो. माझे आजोबा (आईचे वडील) मीटरगेजच्या काळात मिरजच्या रेल्वे इंजिन शेडला फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे) होते आणि त्यांचे ड्रायव्हर अँग्लो इंडियन, घरात सगळी त्यांना नुसतं 'सायब' म्हणायची. नाताळला सायबांच्या घरनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातनं केक यायचा, मग डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून आजी त्यात करंज्या भरून पाठवायची. एका वर्षी सायब घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला गेले आणि डबा आमच्याकडंच राहिला. अजून आहे, झाकणावरचं चित्र पुसलंय, एका कडेला पोचा आलाय त्यामुळं अंगठ्यानं दाबल्याशिवाय उघडत नाही, आई त्यात बटणं ठेवते. परवा बटण शोधता शोधता म्हणाली, ती माणसं आता कुठं असतील रे? सायब तर भेटणार नाहीत, पण त्यांच्यातली माणसं जिथं गाव करून राहिली तिथं तरी तिला न्यावं असं वाटतंय. आई 68 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. कसं जावं, राहायची सोय काय आणि ते जुने बंगले आतनं बघायला देतात का?

जोतिबाचा_गुलाल:
भावा मी गेलोय, तीन दिवस होतो. आधी प्रवासाचं सांगतो. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस आहे पण आठवड्यातनं एकदा, आणि ती नागपूर, जबलपूर, गया करत फिरून जाते, आईंना झेपणार नाही. त्यापेक्षा पुण्यातनं हटियाची गाडी धर, हटिया म्हणजे रांचीच, तिथनं टॅक्सी. गंजला स्टेशन आहे, बरकाकाना-बरवाडीह लाईनवर, पण गुडघ्याच्या माणसाला गाड्या बदलत न्यायला नको.

इतिहास थोडक्यात, कारण तो माहीत नसला तर तिथं नुसतं जंगल आणि पडके बंगले दिसतात. कलकत्त्यात अर्नेस्ट टिमथी मॅक्लुस्की म्हणून जमीनजुमल्याचा व्यवहार करणारे गृहस्थ होते. त्या काळात रेल्वे, तारखातं, कस्टम या नोकऱ्यांवर ह्या समाजाचं पोट होतं, त्या नोकऱ्या हळूहळू आवळत चालल्या, इंग्रज आपलं मानेनात आणि इथले लोकही मानेनात, मग आपली म्हणून एक जागा असावी असं त्यांनी डोक्यात घेतलं. कॉलोनायझेशन सोसायटी काढली, शेअर विकले, रातूच्या राजाकडनं 10,000 एकर जमीन घेतली आणि 1933 ला गाव उभं राहिलं. देशभरातल्या जवळजवळ दोन लाख अँग्लो इंडियन लोकांना पत्रकं पाठवलेली, आली 300-400 कुटुंबं. मॅक्लुस्की स्वतः 1935 लाच वारले. ती माणसं शहरात नोकरी केलेली, शेतीचं गणित जमेना, पोरांना तिथं काम नाही, महायुद्धात तरुण बाहेर पडले, 1947 नंतर तर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाची रीघच लागली. आता मूळची घरं वीसच्या आसपास उरलीत म्हणतात. 1997 ला डॉन बॉस्को अकॅडमी निघाली आणि कितीतरी बंगल्यांत मुलांची होस्टेलं झाली, त्याच्यावरच गाव तगलं असं तिथली माणसं सांगतात आणि मलाही तेच खरं वाटलं.

आता बंगल्यांचं. आत बघायला देतात का असं विचारूच नकोस. ती राहती घरं आहेत. आमच्याबरोबरच्या एकानं गेटवरनंच मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं, व्हरांड्यात बसलेल्या आजी काही न बोलता उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं, मला अजून ते दार डोळ्यासमोर येतं. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो, मोबाईल खिशात, नमस्कार करून माफी मागितली. मग दोन तास बसलो. अस्सल तिकडची हिंदी बोलत होत्या, कुत्र्याशी मात्र इंग्लिशमधे. पेरूची जेली दिली टोस्टला लावून. म्हणाल्या सगळे आम्हाला 'शेवटचे' म्हणून बघायला येतात, जेवलात का कोणी विचारत नाही.

करवीरची_लेक:
हे वाचून वळिवडे आठवलं. आपल्या इथंच 1943 ते 48 पाच हजाराच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका नि पोरं, ते गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं, कपडे घ्यायला आपण सगळे जातो पण किती जणांना हे माहीत असतं. महावीर गार्डनमधे त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. म्हातारी पोलिश माणसं एवढ्या लांबनं यायची आणि इथल्या लोकांना घट्ट मिठ्या मारायची, कारण लहानपणी कोणीतरी त्यांना आपलं म्हटलं होतं. तुम्ही आईंना नेताय ते मला त्यातलंच वाटतं. जरूर न्या.

रंकाळाकाठ, एक सुचवते. फक्त अँग्लो इंडियनांचंच गाव म्हणून बघू नका, मुंडा-उराँव आदिवासी लोक तिथं त्यांच्या कितीतरी आधीपासनं आहेत, त्यांच्याशीही बोला.

जोतिबाचा_गुलाल:
ताई बरोबर बोलल्या, ते माझ्याकडनं राहिलंच. आणि मित्रा, थंडी लई असते, आईंना शाल पुरणार नाही, स्वेटर कानटोपी घे. राहायला दोन-चार गेस्टहाऊस आहेत, नाताळात जाणार असशील तर आत्ताच फोन करून ठेव, बाहेर गेलेली पोरं तेव्हा घरी येतात. खलारीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची धूळ असते तेवढं सोसावं लागतं. जमलं तर स्मशानभूमीत जाऊन ये, गवत वाढलंय पण दगडांवरची नावं अजून वाचता येतात.

रंकाळाकाठ:
दादा, ताई, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. त्या आजींचं 'जेवलात का' ऐकून गप्पच बसली, मग उठून डब्यातली बटणं ताटात ओतली आणि डबा घासायला घेतला. करंज्या घेऊन जायच्या म्हणते, नाताळला. रेल्वेत दोन दिवस आणि पुढं दोन-तीन, टिकतील का?

करवीरची_लेक:
ओल्या नारळाच्या नकोत. सुकं खोबरं, खसखस आणि पिठीसाखर, रवा चांगला खमंग भाजा, पंधरा दिवस काही होत नाही. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, झाकणाला वाफ धरते.