सल्ला हवा: ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ‘आम्ही कोण?’ यांच्या विश्लेषणासाठी पाचशे रुपयांत कोणते पुस्तक घ्यावे?

तेरणाकाठ
नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. महिनाअखेरीस मला दोन लेख द्यायचे आहेत: एक हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील निवेदनावर आणि दुसरा केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेवर. कथानक सांगणे आणि कवितेचा अर्थ गद्यात उतरवणे एवढेच मला जमते. विश्लेषण म्हणजे त्यापुढे नेमके काय करायचे, हे अजून उमगलेले नाही. माझ्याकडे पुस्तकासाठी पाचशे रुपये आहेत, त्याहून अधिक नाहीत. गाईड नको आहे.

गोदातीर
नरहर कुरुंदकरांचे ‘धार आणि काठ’ हे मराठी कादंबरीवरील समीक्षेचे पुस्तक घ्या आणि दुसरे काही शोधू नका. ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्याच शहरात मी शिकलो आणि हे पुस्तक मी तीनदा वाचून काढले. कादंबरीकडे कोणत्या अपेक्षेने पाहायचे, हे मला त्यातूनच समजले.

जुना_पाठक
एका पुस्तकाने काही होणार नाही. मी नोकरी लागल्यावर पहिल्या दोन पगारांतून महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ या ग्रंथाचे मिळतील तेवढे खंड घेतले आणि आज माझ्याइतका संग्रह आमच्या तालुक्यात कोणाकडे नाही. खर्चाकडे पाहू नका. ही आयुष्यभराची शिदोरी असते.

दुधनाकाठ
ताईंनी गाईड नको म्हटले, हे फार चांगले केले. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गाईडवर विसंबून ‘आम्ही कोण?’चे वृत्त भुजंगप्रयात आहे असे लिहिले आणि त्या प्रश्नाचे सगळे गुण गेले. समर्थांचे जांब हे गाव आमच्या जालना जिल्ह्यातच आहे आणि त्याच भुजंगप्रयातातले मनाचे श्लोक मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. तरीही ही कविता त्या चालीत बसत नाही, एवढे तपासून पाहण्याचे मला सुचले नाही, याचे दुःख आजही वाटते. माधव जूलियन यांचा वृत्तांवरचा ग्रंथ ‘छंदोरचना’ घ्या. अवघड आहे, पण फसवत नाही.

बालाघाट
मी पंधरा वर्षे ही कादंबरी शिकवते, म्हणून निवेदनापुरते सांगते. ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येत होती. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवून प्रत्येक प्रकरण कुठे थांबते आणि पुढचे कसे सुरू होते, याच्या नोंदी करा. दुसरे असे की, कादंबरी तिची नायिका यमू स्वतः सांगते, परंतु सांगणारी यमू आणि जिच्यावर प्रसंग गुदरतो आहे ती यमू या दोघी एका वयाच्या नाहीत. लहान मुलीला जे कळत नव्हते, ते मोठी झालेली यमू कुठे सांगून टाकते आणि कुठे मुद्दाम राखून ठेवते, ती स्थळे शोधा. एका पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून केशवपनापर्यंतचे सारे वदवून घेतले आहे. तो आवाज कुठे यमूचा वाटतो आणि कुठे सुधारकाचा वाटू लागतो, हे वाक्ये समोर ठेवून दाखवता आले, तर तेच विश्लेषण होय.

गोदातीर
बालाघाट मॅडमच्या मुद्द्यांबद्दल आदर आहे, परंतु कादंबरीतील पाल्हाळ ही उणीवच आहे आणि विद्यार्थिनीने ती स्पष्टपणे नोंदवायला हवी. साप्ताहिकाच्या नावाखाली तिचे समर्थन होऊ नये.

बालाघाट
मी समर्थन करत नाही, कारण सांगते आहे. घरातल्या बायकांची बोलणी तिथे लांबतात आणि यमूला ती मुकाट्याने ऐकावी लागतात. ती पाने कापली, तर तिच्या वाट्याला आलेले ऐकून घेणेही कापले जाईल. पाल्हाळ कोणता आणि घुसमट कोणती, हे पानागणिक ठरवावे लागते.

वेरूळचा_वाचक
आपल्या मुलांना नेहमी पुण्याच्या वाड्यांतल्याच कादंबऱ्या का नेमल्या जातात? परभणीच्या बी. रघुनाथांनी निजामी राजवटीतला मराठवाडा लिहिला, त्यांचे ‘आडगावचे चौधरी’ आज किती विद्यार्थ्यांनी पाहिले आहे? ताई, सरांशी बोलून विषय बदलून घ्या.

मांजराथडी
‘धार आणि काठ’च घ्यावे, असे मीही सांगेन. नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. मराठी विश्वकोशातील ‘कादंबरी’ आणि ‘सुनीत’ (चौदा ओळींची कविता, म्हणजे सॉनेट; ‘आम्ही कोण?’ही तसेच आहे) या नोंदी फुकट वाचता येतात, त्यावर पैसे घालवू नका.

दुधनाकाठ
कवितेबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. वृत्त शार्दूलविक्रीडित आहे: ओळीत एकोणीस अक्षरे, गण (म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू गट) म स ज स त त आणि शेवटी एक गुरू ग, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसता?’ ही बरोबर बारा अक्षरे होतात. म्हणजे विचारणाऱ्याचा प्रश्न यतीपाशी संपतो आणि उरलेल्या सात अक्षरांत कवीचे उत्तर सुरू होते. शेवटच्या दोन्ही ओळी ‘आम्हांला वगळा’ या शब्दांनी उघडतात. त्यातला ‘आम्हांला’ हा पुरा म-गण (तिन्ही गुरू) आणि ‘वगळा’ हा पुरा स-गण (दोन लघू, एक गुरू) आहे. सुनीताचा साचा इंग्रजीतून आलेला, वृत्त संस्कृतातले आणि बोलणे मात्र समोरासमोर उभ्या माणसाचे, हा मेळ दाखवला, तर अर्थ वेगळा समजावण्याची फारशी गरज उरणार नाही.

जुना_पाठक
गण मोजून कविता कळत नाही. माझ्याकडच्या खंडांत केशवसुतांवर विस्ताराने लिहिले आहे. ताईंनी केव्हाही येऊन वाचावे.

तेरणाकाठ
सर्वांची मनापासून आभारी आहे. आपण सुचवलेल्यांपैकी एकही समीक्षाग्रंथ मी सध्या घेतलेला नाही. ग्रंथालयाची कादंबरी सात दिवसांत परत करावी लागते आणि तिच्यावर खूण करता येत नाही, म्हणून मी कादंबरीचीच स्वतःची जुनी प्रत घेतली. विषयही बदलत नाही, कारण यमूने मला तिसऱ्या दिवशी झोपू दिले नाही. बालाघाट मॅडम, सांगणारी यमू आणि सोसणारी यमू यांच्यासाठी मी समासात दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करते आहे. काही वाक्यांवर मात्र दोन्ही रंग येत आहेत. अशी वाक्ये लेखात कुठे ठेवावीत? दुधनाकाठ दादा, कविता हातावर मोजून पाहिली, चौदाही ओळी.