राजेश जैन आणि ४९९ कोटी: हुशारी, नशीब की वेळेवर काढता पाय?

मुंबईचा_भाडेकरू (धागाकर्ता)

स्टार्टअपचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी फ्लिपकार्टपासून सुटते आणि बायजूजपाशी घसरते. भारतीय इंटरनेटमधला पहिला डोळे पांढरे करणारा सौदा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीने, म्हणजे सिफीने, मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही वेबसाइटांची कंपनी ४९९ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. साडेचोवीस टक्के हिस्सा आधी १२२ कोटींना, उरलेला पुढच्या वर्षी. कंपनीची वार्षिक उलाढाल तेव्हा जेमतेम एक-दीड कोटीची!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जैन आयआयटी मुंबईचे, मग कोलंबिया विद्यापीठ, अमेरिकेत नायनेक्स या टेलिफोन कंपनीत नोकरी आणि १९९२ मध्ये घरवापसी. आल्या आल्या सॉफ्टवेअरचे जे प्रयोग केले ते आपटले. मार्च १९९५ मध्ये इंडियावर्ल्ड सुरू केलं, आणि विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे दुकान उघडलं तेव्हा गावात गिऱ्हाईकच नव्हतं. गिऱ्हाईक बसलं होतं न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात. मग समाचार, खोज, खेल, बावर्ची अशा एकेका विषयाच्या साइट आल्या.

माझं मत असं की ४९९ कोटी हा या कारकिर्दीतला सगळ्यात कमी शिकवणारा भाग आहे. इंडियावर्ल्ड हातात असतानाच त्यांनी नेटकोअर ही सॉफ्टवेअरची कंपनी सुरू केली होती. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता ती पंचवीस वर्षं चालवली, नफ्यात ठेवली. पराक्रम हा आहे. सौदा नव्हे.

व्याजावर_जगणारा

साफ असहमत. घरात ४९९ कोटी आल्यावर "बाहेरचा पैसा घेतला नाही" हे कौतुक कसलं? बाहेरचा पैसा एकदाच आणि भरपूर आला की हो! फक्त, तो भांडवल म्हणून न येता किंमत म्हणून आला. दिला कुणी? सिफीच्या भागधारकांनी. सिफी ऑक्टोबर ९९ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली, खिसा गरम होता, महिनाभरात ही खरेदी. मार्च २००० मध्ये नॅस्डॅकचा निर्देशांक पाच हजारांवर पोचला आणि तिथून कोसळला तो ऑक्टोबर २००२ पर्यंत तीन चतुर्थांशाहून जास्त उतरला. सौदा सहा-आठ महिने लांबला असता तर आज हा धागाच नसता. मी याला नशीब म्हणतो. वाईट वाटून घेऊ नका.

एडिसनवासी

नशीब म्हणण्याआधी ती साइट वापरलेल्या माणसाचं ऐका. ९५-९६ मध्ये इथे अमेरिकेत भारताची बातमी मिळायची तरी कुठून? न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांत, लोक एकमेकांशी भांडता भांडता जे सांगतील ते, नाहीतर टपालाने येणारं साप्ताहिक. समाचार उघडलं की भारतातल्या वर्तमानपत्रांचे मथळे एकाखाली एक. टिचकी मारा, त्या पेपरात पोचा. चित्रांची आरास नाही, त्यामुळे टेलिफोनच्या मोडेमवरसुद्धा चहा उकळायच्या आत पान उघडायचं. सकाळी ऑफिसात पहिलं पान तेच, हे मी एकटा नाही, आमचं अख्खं मंडळ सांगेल. आपल्या बातम्यांना आपले लोक कुठे आहेत हे ज्याने आधी ओळखलं त्याला नुसतं नशीबवान म्हणणं बरं नव्हे.

खमंग_काकू

बावर्चीबद्दल कुणीच बोलत नाहीये! त्या साइटवर पाककृती पाठवणाऱ्या बऱ्याचशा घरोघरच्या बायका. पुरणपोळीत जायफळ किती याची किंमत ४९९ कोटींत धरली होती का? धरली असेल तर आमचा वाटा कुठाय? 😀 गंमत सोडा, पण आज समाजमाध्यमांवर आपण फुकट लिहितो आणि मालक श्रीमंत होतो याची रंगीत तालीम तेव्हाच झाली होती.

व्याजावर_जगणारा

काकूंना +१. एडिसनवासी, साइट उपयोगाची होती हे मान्यच आहे. पण उपयोगाची असणं आणि ४९९ कोटींची असणं यात जे अंतर आहे ते तेव्हाच्या डॉटकॉम शेअरांच्या फुग्याने भरलं, एवढंच म्हणतोय.

कोथरूड_टू_कुपर्टिनो

तुलना करायचीच तर सबीर भाटियांशी करा. त्यांची हॉटमेल ही ईमेल सेवा जुलै ९६ मध्ये सुरू, डिसेंबर ९७ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकली, साधारण चाळीस कोटी डॉलरला. पुढे अर्झू ही इंटरनेट कंपनी काढली, ती बुडाली. फुगा दोघांच्या वाट्याला आला, पैसा दोघांना मिळाला, दुसरी टिकाऊ कंपनी मात्र जैनांनाच उभी करता आली. त्यामुळे नशिबाचा मुद्दा पहिल्या सौद्यापुरता ठीक. पुढचं काय?

बल्क_एसएमएसवाला

पुढचं मी सांगतो, कारण त्याच धंद्यात होतो (दुसऱ्या कंपनीत). नेटकोअर आधी कंपन्यांना लिनक्सवरचे मेल सर्व्हर बसवून द्यायची. मग मायटुडे आलं. एक एसएमएस करून नाव नोंदवा, रोज बातम्या, क्रिकेट, भविष्य फुकट मोबाइलवर. पैसे जाहिरातीच्या ओळीतून सुटायचे. स्मार्टफोन नव्हते, नेट महाग होतं, लोकांनी ते उचलून धरलं. आणि मग ट्राय या दूरसंचार नियामकाने नको असलेल्या संदेशांविरुद्ध २७ सप्टेंबर २०११ पासून नियम आवळले. एका सिमवरून दिवसाला किती एसएमएस याला मर्यादा, जाहिरातीच्या प्रत्येक संदेशावर पाच पैसे जादा. आमच्या मालकाने त्या दिवाळीला बोनसऐवजी भाषण दिलं आणि सहा महिन्यांत शटर ओढलं. नेटकोअर ईमेल आणि मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरकडे वळली आणि तगली.

आता हे तगणं कशामुळे? माणूस हुशार म्हणून, हे खरंच. पण आमचा मालकही काही मठ्ठ नव्हता. त्याच्याकडे पुढची दोन-तीन वर्षं पगार काढायला गल्ल्यात काही नव्हतं. म्हणून व्याजावर_जगणारा यांचा मुद्दा मला अर्धा पटतो.

मुंबईचा_भाडेकरू

बल्क_एसएमएसवाला, प्रतिसाद आवडला. पण गल्ला भरलेला असणारे लोक या देशात कमी आहेत का? ४९९ कोटी मिळालेला माणूस साधारणपणे जमिनी घेतो, नाहीतर दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे टाकून समारंभांत प्रमुख पाहुणा होतो. हा गृहस्थ मेल सर्व्हर विकत बसला. त्याला 'प्रोफिकॉर्न' असा शब्दही काढला: युनिकॉर्नच्या (अब्ज डॉलर मूल्याच्या स्टार्टअपच्या) उलट, स्वतःच्या पैशावर उभी, नफ्यातली कंपनी. शब्द जरा मिरवण्यासारखा आहे, मान्य.

पासबुक

गुंतवणूकदार म्हणून काय केलं ते कुणी सांगेल का? ठळक उदाहरण मला दिसतं ते नोव्हॅटियमचं. चेन्नईत आयआयटी मद्रासचे प्राध्यापक अशोक झुनझुनवालांबरोबर काढलेली कंपनी. टेबलावर स्वस्त डबा, खरी मेहनत दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे गरिबाघरी संगणक. कल्पना उत्तम. पण गरिबाघरी संगणक आलाच नाही, मोबाइल आला. भविष्य बरोबर वाचलं, यंत्र चुकलं.

कोथरूड_टू_कुपर्टिनो

दहातले आठ पैसे बुडणार हे गुंतवणुकीत गृहीतच असतं. आणि २०२२ मध्ये नेटकोअरने बंगळुरूची अनबॉक्स्ड घेतली, सुमारे दहा कोटी डॉलरचा सौदा. ऑनलाइन दुकानांमधल्या शोधाचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतले पैसे देणारे ग्राहक. इंडियावर्ल्डसाठी सिफीने मोजले, डॉलरमध्ये पाहिलं तर त्याच घरातली रक्कम, फक्त या वेळी चेकवर सही यांची.

निवडणूक_निरीक्षक

राजकारणाचं काय? २०१४ च्या लोकसभेत भाजपला स्वबळावर बहुमत मिळवण्यासाठी "प्रोजेक्ट २७५" ही योजना लिहिणारे, मोदींच्या प्रचाराची डिजिटल फळी उभी करणारे हेच. मग २०१८ मध्ये "नई दिशा" ही चळवळ काढून सरकारी जमिनी-खाणींतली संपत्ती लोकांना वाटून टाका म्हणणारे पण हेच. एका उद्योजकाने देशालाही स्टार्टअप समजावं का?

मुंबईचा_भाडेकरू

तो वेगळा धागा होईल आणि तिथे मारामारी होईल. इथे नको.

व्याजावर_जगणारा

मारामारी नको, पण मुद्दा सोडू नका. राजकारणातही त्याने स्वतःचेच पैसे घातले, वर्गणी गोळा केली नाही, हे मी विरोधक असून कबूल करतो. तरी माझा हिशेब बदलत नाही. इथे कुणी पोराला नोकरी सोडायला सांगत असेल तर नेटकोअरचं उदाहरण देऊ नये. बल्क_एसएमएसवाल्याच्या मालकाचं द्यावं. त्याचं नाव कुठल्या मासिकात येत नाही, पण तसे शेकड्यांनी आहेत.

बल्क_एसएमएसवाला

मालक सध्या नाशिकला द्राक्षं एक्स्पोर्ट करतो. बरं चाललंय म्हणतो, आणि बागायतदारांना भाव कळवायला अजून एसएमएसच वापरतो.